अर्धीकाकूंची भिंत

काडेपेटीतली काडी उभी चिरून तिच्या दोन काड्या करायच्या, हे ऐकायला सोपं वाटतं. करून बघावं म्हणजे कळतं. ब्लेड जरा सरकलं की गुल एकीकडे आणि लाकूड दुसरीकडे, आणि मध्ये आपलं बोट. काकूंचा हात मात्र त्यात असा बसला होता की गप्पा मारता मारता पेटीच्या पेटी चिरून व्हायची. यावरूनच इमारतीत त्यांचं नाव अर्धीकाकू पडलं. ते त्यांच्या कानावर आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं झालं. नावं ठेवायचीच तर अर्ध्यात भागलं."

काका टपाल कचेरीत शिक्के मारायचे. दिवसभर धाडधाड शिक्के मारून आलेला माणूस घरी आल्यावर बोलणार किती? "हं" एवढंच. त्या एका "हं"चे काकू प्रसंग पाहून अर्थ लावायच्या. पगार मात्र काकांच्या बोलण्यासारखाच, मोजका. महिना त्याच्यापेक्षा नेहमीच लांब निघायचा. पण काकूंनी त्याबद्दल कधी रड गायली नाही. त्या म्हणायच्या, "देवानं तोंड एक दिलं आणि हात दोन दिले. यातच सगळं आलं. खावं एकानं, राबावं दोघांनी."

त्यांच्या शेजारच्या खोलीत शिंपीणताई राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. पदरी मूलबाळ नाही. एक शिलाईयंत्र, एक कातर आणि जिभेला कातरीहून बरी धार. काटकसरीत त्या काकूंच्या तोडीस तोड होत्या. कपड्याला पाच गुंड्या लागत असतील तर त्या चार लावायच्या आणि गिऱ्हाइकाला सांगायच्या, "वरची कुणी लावतं का? गळा आवळायचाय का स्वतःचा?"

तर झालं असं, की एके दिवशी संध्याकाळी दोघींच्याही खोल्यांतले दिवे एकदमच गेले. दोघी दुकानात जायला निघाल्या आणि जिन्यात एकमेकींना धडकल्या.

"कुठे गं निघालीस अंधाराची?" ताईंनी विचारलं.

"दिवा आणायला. तुम्ही?"

"मीही."

दोघी जिन्यातच बसल्या. एकेक बल्ब दोघींनी विकत घ्यायचा म्हणजे एकाच अंधाराला दोनदा पैसे. भिंत तर मध्ये एकच. दिवा भिंतीच्या अलीकडे लावला तर पलीकडे अंधार, पलीकडे लावला तर अलीकडे. मग तो भिंतीतच लावला तर? बोलता बोलता ही गोष्ट कुणाच्या तोंडून आधी निघाली यावर पुढे वर्षानुवर्षं वाद झाला. दोघी म्हणायच्या, "माझ्या."

काकांनी छिन्नी उसनी आणली, आडभिंतीतली एक वीट काढली आणि त्या भोकात दिवा बसवला. वीज काकूंची, दिवा दोघींचा. विजेच्या बदल्यात काकांचे फाटके कपडे ताईंनी शिवून द्यायचे. एकच दिवा दोन घरांत उजेड पाडायला लागला. काकूंनी हात जोडले. "सूर्य तरी दुसरं काय करतो?" त्या म्हणाल्या.

पण एका विटेच्या भोकातून उजेड किती येणार? ताईंच्या यंत्रावर फक्त एक पट्टा पडायचा. पट्ट्यात बाही शिवली की उरलेला सदरा अंधारात. म्हणून दुसरी वीट काढली. मग ताईंचं घड्याळ बंद पडलं, तेव्हा काकूंचं घड्याळ भोकात ठेवलं. सकाळी त्याचं तोंड काकूंकडे आणि दुपारनंतर ताईंकडे. सकाळी ताईंनी "किती वाजले गं?" असं विचारायचं आणि संध्याकाळी काकूंनी. घड्याळापायी तिसरी वीट गेली. इस्त्री एकच, तीही इकडून तिकडे जाणार, म्हणून चौथी. वर्तमानपत्राची पुढची पानं काका वाचायचे आणि मागची ताई. काकांना चोरी कुठे झाली ते कळायचं, चोर सापडला की नाही ते ताईंना. संध्याकाळी भोकातून दोन्ही बातम्या जोडून पूर्ण व्हायच्या.

चहा मात्र ताईंकडेच व्हायचा, एकाच आचेवर. काकूंना चहा हवा असला की भिंतीवर दोनदा टकटक करायची. टकटक ऐकली की पलीकडून कप यायचा. बोलायचं काम नाही. काका तर या पद्धतीवर बेहद्द खूश होते.

आणि प्रार्थना! ती सांगितल्याशिवाय काकू कळायच्याच नाहीत. दोघी देवभोळ्या. पण रोज सकाळी दोघींनी तेच मागणं वेगवेगळं मागायचं म्हणजे देवालाही दोनदा ऐकण्याचा त्रास. म्हणून काकू मोठ्यानं प्रार्थना म्हणायच्या. पोटापुरतं दे, आजारपण नको, कुणापुढे हात पसरायला लावू नकोस. संपलं की भोकापलीकडून ताईंचा आवाज यायचा, "माझंही तसंच रे बाबा."

पुढे पुढे काय झालं, की एकमेकींकडे जायला गॅलरीतून वळसा घालावा लागायचा आणि त्यात चपला झिजायच्या. भोक तर निम्मं झालंच होतं. मग खालच्या विटा काढल्या आणि माणूस जाईल एवढी वाट केली. थोड्या दिवसांनी टेबल आडवं बसेना म्हणून बाजूच्या काढल्या. छत बाहेरच्या भिंतींवर होतं, त्यामुळे त्याला काही फरक पडला नाही. आडभिंत अशी थोडी थोडी करत विरघळली. दोन्ही टोकांना जरा उरली होती, तेवढ्यावरूनच इथे एकेकाळी भिंत होती हे ओळखायचं. टकटक त्या उरलेल्या टोकावर चालायची.

यातली एक वीट बाहेर गेली असेल तर शपथ. काकूंच्या घरातून काही बाहेर जात नसे. खाटेचे आणि टेबलाचे मोडके पाय काढून त्या जागी विटा आल्या. ताईंचं स्टूल म्हणजे विटा आणि वर उशी. पाय ठेवायला वीट, दार अडवायला वीट, इस्त्री टेकवायला वीट. थंडीत एक वीट चुलीजवळ तापवून फडक्यात गुंडाळून काकांच्या पायाशी ठेवायची. ताई म्हणायच्या, "भिंत नुसती उभी होती गं इतकी वर्षं. आता कामाला लागली."

आता एवढी काटकसर केल्यावर ती अंगाशी येणार नाही असं कसं होईल? ताईंची वीज जळतच नव्हती. तळमजल्यावर मालकांच्या दारासमोर सगळ्यांची मीटरं होती आणि ताईंच्या मीटरचं चक्र कित्येक वर्षं जागचं हललं नव्हतं. मालकांच्या ते लक्षात आलं. मालक म्हणजे कवडीचुंबक माणूस. जिना चढताना चपला झिजतात म्हणून वर कधी येत नसत. पण मीटर बंद म्हणजे तारेत ओल, तारेत ओल म्हणजे भिंतीत ओल, असा त्यांनी हिशेब मांडला आणि काका कचेरीतून येताना त्यांना दारातच अडवलं.

"उद्या दिवेलागणीला वर येतो. तुमची ती मधली भिंत बघायचीय."

काका म्हणाले, "हं."

हे "हं" घेऊन काका वर आले. त्याचा अर्थ लावायला काकूंना वेळ लागला, पण लागला तेव्हा त्यांनी भाडेकराराचा कागद काढला. करारातच लिहिलेलं होतं. भिंतीला खिळा ठोकला तरी खोली रिकामी करावी लागेल. आणि इथे खिळा ठोकायला भिंतच नव्हती!

"आता गं?" ताई म्हणाल्या. "या वयात मी जाऊ कुठे? या भाड्यात मला कोपरासुद्धा मिळायचा नाही."

काकूंनी पदर खोचला. "विटा आहेत ना सगळ्या? मग भिंत आहेच. फक्त विखुरलीय."

दुसऱ्या दिवशी काकांनी कधी नव्हे ती रजा टाकली. खाटेखालच्या विटा काढल्या, खाट जमिनीला टेकली. स्टूल गेलं, ताई जमिनीवर. इस्त्री जमिनीवर, टेबलही जमिनीवर. जसजशी भिंत वर चढत होती तसतसं घर खाली बसत होतं. सिमेंट आणायचं नाव कुणी काढलं नाही. कुंडीतली माती कालवली, कमी पडली तेव्हा काकांनी पार्सलांचा गोंद आणला. रोप बिचारं वाटीत ठेवलं. वरून जुनी राख पाण्यात कालवून हात फिरवला.

एक वीट मात्र सैल ठेवावी लागली. दिवा एकच होता ना. मालक आधी काकूंकडे येणार. ते गॅलरीतून वळसा घालून ताईंकडे पोचेपर्यंत दिवा तारेसकट त्या भोकातून पलीकडे द्यायचा, असं ठरलं. ताई म्हणाल्या, "आणि मी चहा करून ठेवते. तोंड गोड झालं तर डोळे जरा मऊ होतील मेल्याचे."

शेवटची वीट बसली आणि खोलीत एकदम कसंसंच झालं. काकूंना आपल्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. इतकी वर्षं ती यंत्राच्या आवाजात बुडालेली असायची. खोली केवढीशी होती! त्यांनी सवयीनं देवाचं नाव घेतलं आणि मागणं मागितलं. आज जरा जास्तच मागितलं. मग त्या थांबल्या. पलीकडून आवाज आला नाही. आला असेलही, पण विटांनी तो गिळला. शेवटी काकू हात पुन्हा जोडून हळूच म्हणाल्या, "देवा, ताईंचंही तसंच हं. त्या म्हणाल्या असतील."

दिवेलागणीला मालक आले. चपला काखेत धरून अनवाणी आले. दारात त्या खाली ठेवून तळवे झटकले आणि खोलीत डोकावले. खाट जमिनीवर, टेबल जमिनीवर, काका जमिनीवर.

"हे काय? सगळे खालीच?"

"खाली बसलं की पडायची भीती नाही," काकू म्हणाल्या.

मालकांना हे पटलं. त्यांनी मान डोलावली आणि भिंतीकडे मोर्चा वळवला. मालक भिंतीसमोर उभे राहिले. मान इकडे वाकडी केली, तिकडे वाकडी केली. राखेवरून बोट फिरवलं आणि बोट सदऱ्याला पुसलं.

"ओल नाही," ते म्हणाले.

काकूंनी श्वास सोडला. काकांनी "हं" सोडलं.

"पण गिलावा पार गेलाय हो. असं करू. परसातल्या कुंपणासाठी माझ्याकडे गवंडी आलाय. त्यानं सिमेंटचा माल जास्त कालवून ठेवलाय. सकाळपर्यंत दगड होईल त्याचा, वाया जाईल. पाठवतो आत्ता वर. चांगला जाड गिलावा करून देईल. दोन्ही बाजूंनी." आणि मग मालकांच्या तोंडून एक शब्द निघाला. तो या इमारतीत त्यांच्या तोंडून कुणीच ऐकला नव्हता. "फुकट."

काकूंच्या डोळ्यांसमोर गवंडी उभा राहिला. त्याची थापी उभी राहिली. ओला माल विटाविटांत शिरताना दिसला. एकदा तो वाळला की झालं. मग ना कप, ना घड्याळ, ना बातमीचा उरलेला अर्धा भाग. सकाळी देवापुढे बसायचं आणि पलीकडे कुणी आहे की नाही याचा पत्ता नाही. खोली वाचली, ताईंची खोलीही वाचली. पण वाचून काय वाचलं?

फुकटचं मिळालेलं नाकारायचं नाही, हा काकूंचा जन्माचा नेम होता. फुकट मिळाली म्हणून त्यांनी एकदा एकाच पायाची चप्पलसुद्धा आणली होती, दुसऱ्या पायाची कधी तरी मिळेल म्हणून.

"नको," काकू म्हणाल्या.

काकांनी चमकून वर पाहिलं. लग्न झाल्यापासून हा शब्द त्यांनी असल्या प्रसंगी ऐकला नव्हता.

"नको?" मालक म्हणाले. "फुकट आहे म्हटलं."

"ऐकलं मी. तरी नको."

मालकांच्या कपाळावर आठी पडली. "अहो, मी फुकट देतोय. माझ्या हातून असं आयुष्यात एकदाच होणार. आणि तुम्ही, काडीच्या दोन काड्या करणाऱ्या तुम्ही, नको म्हणताय? काही तरी आहे या भिंतीत."

आणि भिंत पोकळ आहे की काय हे बघायला त्यांनी बोटाचं पेर वाकवून तिच्यावर दोनदा टकटक केली.

पलीकडे ताई अंधारात चहा घेऊन तयारच बसल्या होत्या. दिवा अजून यायचा होता. टकटक त्यांच्या कानावर पडली आणि पुढचं त्यांनी केलं नाही, त्यांच्या हातानं केलं. सैल वीट सुर्रकन मागे गेली, भोकातून एक हात बाहेर आला आणि त्या हातात कप होता.

"धर गं," हात म्हणाला. "तुझ्या त्या मख्खीचूसला दे. साखर अर्धीच घातलीय. त्याला काय कळतंय."

भिंतीला कान असतात हे मालकांना माहीत होतं. पण हात? त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. हात थोडा वेळ हवेत थांबला. कुणी कप घेत नाही म्हणून जरा हलला. शेवटी मालकांनीच कप घेतला. हातात आलेलं सोडायचं कसं, ही त्यांची अडचण होती.

"घेतलास ना? मग दिवा दे इकडे. ठेच लागली मला इथे," भिंत म्हणाली.

मालकांनी भोकात नाक घातलं. पलीकडून अंधारात ताईही वाकल्या होत्या. दोघांची नाकं एकमेकांवर आपटली. ताईंची किंकाळी आली, मालक मागे सरले आणि त्यांचा खांदा भिंतीला लागला. कुंडीतली माती आणि टपालाचा गोंद धरून धरून किती धरणार? भिंत जराशी डुलली, विचार केल्यासारखी थांबली आणि मग वरून एकेक करत ताईंच्या बाजूला खाली आली. ताई तेवढ्यात दारात पळाल्या होत्या. धूळ बसली तेव्हा एकीकडे काका-काकू, दुसरीकडे ताई आणि मध्ये ढिगापाशी कप वर धरून मालक. चहाचा थेंब सांडला नव्हता.

"खोल्या रिकाम्या करा," मालक म्हणाले. "दोन्ही. उद्याच्या उद्या."

ताईंनी दाराची चौकट धरली. मग काकू ढिगापाशी गेल्या आणि एक वीट उचलून मालकांच्या पुढ्यात धरली.

"मालक, रागवा, पण आधी ही बघा. हिचा कोपरासुद्धा उडालेला नाही. तुमची एकही वीट आम्ही घालवलेली नाही. भिंत नुसती उभी राहून काय करत होती? आम्ही तिच्यावर झोपलो, बसलो, पाय शेकले. तुम्ही दिलेलं आम्ही तुमच्याहून जास्त वापरलं. हा गुन्हा असेल तर असेल."

मालकांनी वीट बघितली. उलटी करून बघितली. मग घोटभर चहा प्याले. जुनी वीट होती, भाजणी पक्की. त्यांची नजर ढिगावर गेली, ढिगावरून खिडकीबाहेर गेली. खाली परसात त्यांचं अर्धवट कुंपण आणि शेजारी कालवलेला माल वाळत पडला होता.

"गवंडी नव्या विटा मागतोय," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "आणि भिंत नसली की दोन बाजूंचा गिलावा वाचला. दोन बाजूंची सफेदी वाचली. दरवर्षी वाचली."

"आम्ही मागितली तेव्हा तुम्ही सफेदी कधी केलीत?" ताई दारातून म्हणाल्या.

"गप बसा हो ताई," काकू म्हणाल्या.

मालकांनी आणखी एक घोट घेतला. "विटा माझ्या."

"न्या," काकू म्हणाल्या. "विटा न्या. खोल्या राहू द्या." असं काही त्यांनी आजवर कुणाला म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, की छातीत दुखलं कसं नाही.

"भाडं दोन खोल्यांचंच हं," मालक म्हणाले. "भिंत नाही म्हणून एक खोली धराल!"

"दोनच."

"आणि साखर पुरी घालत जा," त्यांनी रिकामा कप ताईंच्या हातात दिला.

माल वाळायच्या आत विटा खाली पोचायला हव्यात म्हणून लगेच काम सुरू झालं. काका आणि मालक जिना चढू-उतरू लागले. हातात विटा घेतल्यावर चपला काखेत धरता येईनात. मालकांनी बराच वेळ खटपट करून पाहिली आणि शेवटी मन घट्ट करून त्या पायात घातल्या. जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला.

शेवटची वीट उचलायला ते आले तेव्हा काकू तिच्यावर हात ठेवून बसल्या होत्या.

"ही एक राहू द्या."

"कशाला?"

"लागते."

मालकांनी वीट पाहिली, काकूंकडे पाहिलं. फुकट हा शब्द त्यांच्या तोंडात पुन्हा आला, पण एका दिवसात दोनदा तो त्यांच्यानं उच्चारवेना. तसेच न बोलता ते खाली गेले.

तेव्हापासून त्या घरात सगळं जमिनीवर आहे. दिवा आता छतातून मधोमध लोंबतो आणि उजेड दोन्हीकडे सारखा पडतो. घड्याळाला तोंड फिरवावं लागत नाही, तरी संध्याकाळी काकू "किती वाजले हो ताई?" असं विचारतातच. भिंत होती त्या जागी जमिनीवर ती एक वीट ठेवलेली असते. सकाळी काकू प्रार्थना म्हणतात, हाताच्या अंतरावर बसलेल्या ताई "माझंही तसंच रे बाबा" म्हणतात. मग काकू वाकून विटेवर दोनदा टकटक करतात.

"आले गं, आले," ताई म्हणतात आणि विटेवरून कप पुढे करतात.